मजा येते, पण उशिरा

'बी.फार्म. म्हणजे मेडिकल हुकलेल्यांची चार वर्षांची शिक्षा' हे फार्मसीच्या पदवीबद्दलचं वाक्य वाचून हसू आलं. पहिल्या सेमिस्टरला मीही हेच म्हणायचे. नीटचे मार्क कमी पडले, सीईटीवर फार्मसी मिळाली, आणि घरात सुतकी वातावरण!

पण मला मजा आली ती प्रॅक्टिकलला. इमल्शन, म्हणजे तेल आणि पाण्याचं एकजीव मिश्रण, करायचं होतं. चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. खलात तेल-डिंक एकजीव करायचं, पाणी एकदम ओतायचं आणि एकाच दिशेने भराभर घोटायचं. जमलं की पांढरंशुभ्र होतं आणि चटचट आवाज येतो. माझं दोनदा फुटलं, तेल वर तरंगायला लागलं. तिसऱ्यांदा तो आवाज आला तेव्हा मी अख्ख्या बॅचला बोलावून ऐकवला. तसंच दालचिनीच्या पावडरीचं. फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायन आणि ॲसिडचा थेंब टाकला की मायक्रोस्कोपखाली धागे गुलाबी दिसतात.

मेडिसिनल केमिस्ट्रीची स्ट्रक्चर्स, म्हणजे औषधांच्या रेणूंच्या आकृत्या, मात्र आजही स्वप्नात येतात. आणि जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही! छापील मॅन्युअल समोर असताना तेच हाताने उतरवून काढण्यात काय शिक्षण आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आमच्या कॉलेजात सही मिळवायला स्टाफरूमबाहेर तासन् तास उभं राहावं लागायचं.

धाकट्या भावाचं डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, चालू आहे. त्याला वर्ग रटाळ वाटतात, पण ५०० तासांच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांचं अक्षर लावायला मिळतं म्हणून स्वारी खूश आहे.