पोच आहे का? बँका, विमा आणि फायनान्सवाल्यांशी भांडलेल्यांचे अनुभव

नौपाडा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात सासूबाईंचे दोन लाख परत आले. व्याज नाही, पण आले. तेव्हापासून सोसायटीत जो भेटतो तो स्वतःचं रडगाणं ऐकवतो, म्हणून म्हटलं एकत्रच लिहू. ठाणे-नवी मुंबईतल्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको, कुठला कागद कामाला आला ते सांगा.

आमची गोष्ट अशी. सासूबाई 72 वर्षांच्या. मुदत ठेव नव्याने ठेवायला बँकेत गेल्या. तिथल्या गोडबोल्या मुलाने "आजी, इथे सही करा" म्हणत चार ठिकाणी सह्या घेतल्या. वर्षाने पुढच्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं, ती ठेव नव्हतीच. दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच टळलेली, आणि विमा कंपनीने तेवढंच कारण देऊन हात झटकले.

मग आम्ही प्रस्ताव अर्जाची प्रत मागवली. त्यात सासूबाईंचं वार्षिक उत्पन्न साडेनऊ लाख, व्यवसाय 'बुटिक'! बाईंना पेन्शन येते 19 हजार. (बुटिक ऐकून त्या स्वतःच हसत सुटल्या.) तो अर्ज आणि पेन्शनचं पासबुक शेजारी शेजारी लावून विमा लोकपालाकडे तक्रार केली. त्यांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. फी नाही, वकील चालत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली, पंधरा मिनिटांत आटोपली.

ऐरोलीकर

माझं सिम रात्री अचानक बंद पडलं. सकाळी ऑफिसात मेल उघडली तर खात्यातून 84 हजार गेलेले. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार दिली. शाखेत शिक्का मारून देईनात, म्हणे मॅडम रजेवर आहेत. तिथेच बाकावर बसून मेल केली आणि पोस्टात जाऊन तेच पत्र स्पीड पोस्टने धाडलं.

बँकेचं उत्तर: ओटीपी तुम्हीच दिलात. अहो, फोन बंद असताना? रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्यानेच हात मारलाय, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी. मी मात्र उतावीळपणा केला. दहाव्या दिवशीच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो आणि तक्रार परत आली, कारण आधी बँकेला 30 दिवस द्यावे लागतात. दुसऱ्यांदा केली तेव्हा माझ्याच नंबरचं डुप्लिकेट सिम दुसऱ्या कुणी कधी चालू केलं त्याचं मोबाइल कंपनीचं पत्र जोडलं. पैसे आले.

वागळे इस्टेट

कर्ज मित्राचं, फोन मला! संदर्भ म्हणून नंबर दिला होता फक्त. सकाळी साडेसहापासून सुरू. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तो नियम आणि कॉल लॉगचे स्क्रीनशॉट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केले. फोन थांबले. मैत्रीही थांबली.

कोपरखैरणे

आमचं प्रकरण लांबलंय. गृहकर्ज फेब्रुवारी 2024 मध्ये फिटलं. कागद आणायला गेलो तर पाकिटात सातच. सिडकोचं वाटपपत्र आणि पहिला करारनामा गायब. नवी मुंबईकरांना सांगायला नको, इथली सिडकोची घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर. मूळ कागदांची साखळी तुटली की घर विकताना समोरच्याची बँक आधी त्यावरच बोट ठेवते. साहेब म्हणाले, "काका, दोनच आहेत यादीत नसलेले. तुम्ही दिलेच नसतील."

घरी बायकोने सोन्याच्या पावत्यांच्या पिशवीतून, कागद जमा करताना बँकेने दिलेली 2009 ची यादी काढली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण नऊ कागदांची नावं, खाली गोल शिक्का आणि सही. दुसऱ्या दिवशी तीच टेबलावर ठेवली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला.

1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम असा: कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत, चूक बँकेची असेल तर पुढे दिवसाला 5,000 रुपये. कागद हरवले असतील तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, पण नकला काढायचा खर्च तिचा. पेपरातली जाहीर सूचना, पोलिसांतली तक्रार, निबंधक कार्यालयातल्या प्रती, सगळ्याचे पैसे त्यांनी भरले. दिवसाच्या पाच हजारांवर मात्र अडून बसले, म्हणून ग्राहक आयोगात गेलो.

चरई

काका, वकील केलात का?

कोपरखैरणे

नाही, स्वतःच उभा राहतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पहिल्या दिवशी पाय लटपटत होते. "माय लॉर्ड" म्हणालो, तर मागचे वकील हसले. बँकेला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट सांगितलंय. ते पान मी पिवळ्या पेनने रंगवून नेतो. पुढची तारीख मार्चात.

कळवा

आमच्याकडे लोकपाल वगैरे काही चाललं नाही. सोन्याची भिशी होती, महिना पाच हजार. अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा दुकानदार भरणार आणि दागिना घ्यायचा. नवऱ्याला न सांगता शिलाईच्या पैशांतून भरत होते. एका सकाळी शटर खाली, कुलूप, आणि बाहेर बायकांची ही गर्दी.

दुकान रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही म्हणाले. पोलिसांनी ठेवीदारांसाठीचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा लावला, एमपीआयडी म्हणतात तो. मालमत्ता जप्त झाली. ती विकली जाईल तेव्हा वाटणी. नाव यादीत आहे, अजून एक पैसा हातात नाही. घरात आता सगळ्यांना माहीत झालंय.

पोच आहे का विचारलंत ना? आहे. कार्डावर अकरा शिक्के आहेत.