मदत हवी आहे: घरी पिलाटेस करायला कुठले व्हिडिओ बघू?

मंडळी, वडोदऱ्यात दांडिया बाजारात जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहते. उड्या मारल्या की खालच्या काकू हाक मारतात, म्हणून पिलाटेस, म्हणजे पोट-पाठ बळकट करणारा सावकाश व्यायाम! यूट्यूबवर निम्मे व्हिडिओ रिफॉर्मर मशीनचेच (स्प्रिंगवर सरकणारा पलंगच तो!) निघतात. मला मॅटवरचे, नवशिक्यांसाठीचे, वीसेक मिनिटांचे हवेत. ‘हंड्रेड’ नावाच्या व्यायामात (पाठीवर झोपून डोकं नि पाय उचलून हात हलवायचे) पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा, एवढं कळलं; पण मान भरून येते. डोकं खाली ठेवूनही करता येतं, हे थांबून सांगणारी बाई हवी, नुसती हसत पाय उचलणारी नको. मराठी-हिंदीत कोणी नीट शिकवतं का? आणि योगाच्या पातळ मॅटवर पाठीवर लोळताना मणका टोचतो, किती जाडीची घ्यावी? गरब्याच्या आत कंबर मोकळी व्हायला हवी हो!