मोहोर, बहर, फुलोरा : कोणत्या झाडाला कोणता शब्द?

मुलीने पाचवीच्या निबंधात लिहिलं होतं, "वसंतात आंब्याला बहर आला आणि गुलमोहराला मोहोर आला." मी पेन्सिलीने खूण केली. ती म्हणाली, "का? दोन्ही फुलंच ना? आणि गुलमोहराच्या तर नावातच मोहोर आहे." मला धड उत्तर देता आलं नाही. कुणी सांगेल का?

दापोलीहून :
आमच्याकडे मोहोर आंब्याचा नि काजूचा. बारीक फुलांचा, फांदीच्या शेंड्याला येणारा, झुपकाच्या झुपका. गुलमोहराची फुलं मोठी, सुटी. नावात काही असो, त्याला मोहोर म्हणताना जीभ अडते. क्रियापदही वेगळं : आंबा मोहोरतो, गुलमोहर फुलतो.

पण खरी गंमत 'पालवी'ची. निबंधात ती फुटली की आनंदीआनंद. इथे पाऊस लांबला, थंडी पडली नाही आणि हापूसला तांबूस पालवी दिसायला लागली, की बागायतदाराचं तोंड उतरतं. काडी मोहोरायची सोडून पालवली! आता ती कोवळी पालवी पक्की होईपर्यंत मोहोर लांबणीवर. बरं, आला म्हणून जीव भांड्यात पडतो असंही नाही. मळभ आलं की तुडतुड्यांची कीड, भुरीचा रोग, आणि "मोहोर करपला" हे वाक्य गावभर. फळ धरत असताना पुन्हा फुटतो त्याला 'पुनर्मोहोर' म्हणतात. ऐकायला किती गोड, पण त्यापायी आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून जाते.

वरुडहून :
बहर हा मुळात फारसी 'बहार', म्हणजे वसंत. आमच्या संत्र्याने तो अर्थ केव्हाच सोडला. इथे आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृग बहार जून-जुलैत. भर पावसाळ्यात आम्ही 'वसंत' म्हणतोय! शिवाय आमचा बहार आपोआप येत नाही, तो धरावा लागतो. बागेचं पाणी तोडायचं, झाडं ताणावर सोडायची, पानं मलूल होऊन गळायला लागली की मग पाणी. लिंगही पाहा : शेतातला बहार 'धरला', मैफलीत मात्र बहार 'आली'.

फुलोरा पिकांना. तूर, हरभरा फुलोऱ्यात येतात. फवारणीच्या सल्ल्यातही "पीक ५० टक्के फुलोऱ्यात असताना" असं छापलेलं असतं. घरात मात्र फुलोरा म्हटलं की महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगलेल्या करंज्या नि पापड्या आठवतात. लहानपणी आमचं सगळं लक्ष त्या दोऱ्याकडे.

सोलापूरहून :
चिंचेला विसरू नका. तिची कोवळी पालवी म्हणजे चिगूर. शब्द कानडी, पण आमच्याकडे कुणाला तो परका वाटत नाही. मूठभर ओरबाडायचा, मिठाबरोबर चोळायचा, दात आंबेपर्यंत खायचा. बाकी उसाला तुरा येतो, ज्वारी निसवते म्हणजे कणीस बाहेर टाकते, कापसाला पाती म्हणजे कळ्या लागतात. 'बहर' यातल्या कशालाच लावून पाहा, शेतकरी हसेल.

पुन्हा मी :
आभार. एक शंका राहतेच. वसंत चैत्र-वैशाखाचा, मोहोर पौष-माघात. म्हणजे मुलीचं 'वसंतात' हेही चुकलंच की!

दापोलीहून :
तिला एकटीला कशाला धरता? वसंत पंचमी माघात येते, म्हणजे तक्त्याप्रमाणे शिशिरात. मोहोर बघूनच कुणी नाव ठेवलं असेल, असा माझा आपला अंदाज.

पुन्हा मी :
तिला सगळं वाचून दाखवलं. वाक्य खोडून तिने लिहिलं, "माघात आंबा मोहोरला, वैशाखात गुलमोहर फुलला." मग गॅलरीतून खाली बघत विचारलं, "आणि बोगनवेलीला काय आलं म्हणायचं? बाई म्हणाल्या, ते रंगीत दिसतं ती तर पानंच असतात."