मदत हवी आहे: सी मधल्या एरर मेसेजची मेमरी नक्की कोणी सोडायची? (लिनक्स, अल्पाइन, विंडोज)

काटा_बडोदा

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखान्यांच्या गेटवर ट्रकचे वजनकाटे आहेत, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं सांभाळतो. इंडिकेटरकडून (वजन दाखवणारा डबा) सिरियल केबलवर वजन येतं, आमची सी मधली लायब्ररी ते वाचते, वरचा प्रोग्रॅम पावती छापतो. केबल सुटली किंवा पोर्ट उघडलं नाही, तर कारण लायब्ररीने एका ओळीत सांगायचं, एवढंच काम. ही एक ओळ तीन प्रकारच्या मशीनवर तीन तऱ्हेने फुटली आहे.

पहिला प्रकार साध्या लिनक्सवरचा. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन आला: "साहेब, लाल पट्टीत काहीतरी चिन्हं आलीत, ट्रक काट्यावर उभा आहे." फोटो मागवला. पट्टीत दोन-तीन वेड्यावाकड्या खुणा आणि त्यांच्या मागे "जीजे ०६" आणि दोन अक्षरं. आधीच्या ट्रकचा नंबर! म्हणजे मेसेजसाठी राखलेल्या १२८ बाइटच्या बफरमध्ये कोणी काही लिहिलंच नव्हतं, स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) जुना कचरा छापला गेला.

शोधल्यावर कळलं ते असं. एरर नंबरवरून मेसेज देणाऱ्या स्ट्रएरर_आर या फंक्शनच्या ग्लिब-सीमध्ये (साध्या लिनक्सची सी लायब्ररी) दोन जाती आहेत. पॉझिक्सवाली (सामायिक मानकाची) जात इंट, म्हणजे साधा आकडा परत करते आणि मेसेज तुमच्या बफरमध्ये लिहिते. ग्नूवाली (ग्लिब-सीची स्वतःची) जात पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता परत करते आणि ओळखीचा एरर असेल तर बफरला हातही न लावता स्वतःजवळच्या कायम स्ट्रिंगचा पत्ता देते. आमच्या एका सहकाऱ्याला एएसप्रिंटएफ हे ग्नूचं फंक्शन हवं होतं, म्हणून त्याने फाइलच्या डोक्यावर ग्नू_सोर्स (ग्नूच्या सोयी चालू करणारं नाव) डिफाइन केलं. त्याबरोबर जातच बदलली, आणि आमचा कोड रिटर्न व्हॅल्यू न बघता बफर छापत राहिला. टेस्टमध्ये का सापडलं नाही? टेस्टमध्ये आम्ही ९९९९ असा नसलेला नंबर देत होतो. अनोळखी नंबरासाठी ग्नूवाली जातही बफर वापरते! खरा एरर आला तेव्हाच बिंग फुटलं.

दुसरा प्रकार. मग आम्ही परत आलेला पॉइंटर वापरायला लागलो. एका गिऱ्हाइकाकडे एआरएम प्रोसेसरचा छोटा बॉक्स आहे, त्यावर अल्पाइन (लिनक्सचाच एक आटोपशीर प्रकार). अल्पाइनची सी लायब्ररी मसल, आणि मसलमध्ये फक्त इंटवाली जात. काम नीट झालं की ती ० परत करते, आणि तो ० आम्ही पॉइंटर म्हणून घेतला. लॉगमध्ये "नल" आणि पुढच्या स्ट्रलेनला (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) प्रोग्रॅम जागीच बंद. कंपायलरने वॉर्निंग दिली होती, ती बिल्डच्या ओळींत वाहून गेली. (जीसीसी कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून ही थेट एरर धरली जाते. आमच्या बॉक्सवरचा कंपायलर जुना.)

तिसरा प्रकार विंडोजचा, आणि माझा खरा प्रश्न त्यातूनच आला. तिथे मेसेज विंडोजच्या फॉरमॅटमेसेज या फंक्शनकडून घेतो. मेमरी त्यानेच काढावी असा फ्लॅग दिला, तर ती लोकलफ्रीने सोडायची असते. वरच्या प्रोग्रॅमने मात्र सीचं साधं फ्री मारलं आणि हीप (मागून घेतलेल्या मेमरीचा साठा) बिघडला. तेच फ्री लिनक्सवर कायम स्ट्रिंगवर पडलं, तर "फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर" म्हणून प्रोग्रॅम संपला.

हेडर फाइलमध्ये तिन्हीकडे सारखंच लिहिलंय: कॅरेक्टर पॉइंटर परत मिळेल. तो उसना, कायमचा की घेणाऱ्याने सोडायचा, हे कुठेच नाही. वापरणाऱ्याने काय समजायचं? मला एकच करार हवा आहे जो तिन्हीकडे पाळता येईल. तुम्ही काय करता?

रावपुरा

दादा, प्रश्न नीट मांडलात. माझं मत ठाम आहे: पॉइंटर परत करूच नका. बफर आणि त्याची लांबी बोलावणाऱ्याने द्यावी, लायब्ररीने त्यात लिहावं आणि शेवटी शून्य बाइट हमखास ठेवावा. ज्याचा बफर त्याची मेमरी. मग सोडायचा प्रश्नच येत नाही.

दोन जातींचं कोडं सोडवायला एक वेगळी, छोटी सी फाइल करा. तिच्या अगदी पहिल्या ओळीत, कुठलंही इन्क्लूड येण्याआधी, ग्नू_सोर्स अनडिफाइन करून पॉझिक्सवाली जात मागणारं पॉझिक्स_सी_सोर्स २००११२ ठेवा (मागे एल लावून). स्ट्रएरर_आर फक्त या एका फाइलमध्ये वापरा, बाकी सगळ्यांनी तुमचं फंक्शन वापरायचं. मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांची फाइल) ग्नू_सोर्स येत असेल, तरी त्या अनडिफाइनमुळे ते निघून जातं. पण ही फाइल सी++ म्हणून कंपाइल करू नका. जी++ (सी++चा कंपायलर) ग्नू_सोर्स आपणहून लावतं आणि तिथल्या लायब्ररीचे हेडर त्यावर टेकलेले असतात.

मागे _आर नसलेल्या साध्या स्ट्रएररच्या वाटेला जाऊ नका. पुढच्या कॉलला त्याचा मजकूर पुसला जाऊ शकतो. ग्लिब-सी २.३२ पासून तो बफर थ्रेडपुरता झाला, पण मसल किंवा विंडोज काय करेल यावर तुम्ही का अवलंबून राहावं?

आणखी एक. एरर आला की सगळ्यात आधी एररनो (सिस्टिमने ठेवलेला एररचा नंबर) एका इंटमध्ये काढून ठेवा. लॉग लिहिणं, फाइल बंद करणं, यातलं काहीही त्याची किंमत बदलू शकतं. जुन्या ग्लिब-सीत तर फ्रीसुद्धा बदलू शकायचं, २.३३ पासून ते थांबलं.

सयाजीबाग

रावपुरांशी सहमत, फक्त विंडोजबद्दल भर घालतो. आमच्या कंपनीत यात बरेच दिवस गेले आहेत.

मेमरी काढण्याचा फ्लॅग सोडून द्या, फॉरमॅटमेसेजलाही आपलाच बफर द्या. इग्नोर इन्सर्ट्स फ्लॅग मात्र कायम लावा. काही मेसेजमध्ये टक्का एक, टक्का दोन अशा जागा असतात, त्या भरायला तुमच्याकडे काही नसतं. मेसेजच्या शेवटी नवीन ओळीची दोन कॅरेक्टर येतात, ती कापा, नाहीतर लॉगची ओळ तुटते. फॉरमॅटमेसेजची डब्ल्यूवाली (यूनिकोड) जात घेऊन मजकूर यूटीएफ-८ मध्ये बदला, त्यात सगळ्या लिप्या बसतात. एवाली जात मशीनच्या कोडपेजमध्ये (त्या मशीनचा जुना अक्षरसंच) मजकूर देते.

तुमचा हीप बिघडला त्यात लोकलफ्री हा अर्धाच भाग. डीएलएल (लायब्ररीची फाइल) एका रनटाइमची (सीची मूळ लायब्ररी) आणि ईएक्सई (प्रोग्रॅमची फाइल) दुसऱ्या रनटाइमची असेल, तर सीच्या मॅलॉकने काढलेली मेमरीसुद्धा पलीकडच्या फ्रीने सोडता येत नाही. ज्या बाजूने काढली त्याच बाजूने सोडायची. म्हणून मेमरी देणाऱ्या लायब्ररी स्वतःचं सोडायचं फंक्शनही देतात. एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी बघा. तिच्या एक्झेक फंक्शनमधून आलेला एरर मेसेज एसक्यूलाइटच्याच फ्रीने सोडायचा, आणि एररमेसेज फंक्शनने दिलेली स्ट्रिंग सोडायची नाही, कारण ती त्यांची. दोन्ही गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. कर्लमध्ये (नेटवर्कवरून डेटा आणणारी लायब्ररी) बफर आपण द्यायचा, किमान २५६ बाइटचा, आणि हँडल बंद होईपर्यंत तो जिवंत ठेवायचा. करार वेगवेगळे चालतील, पण हेडरमध्ये लिहिलेले हवेत.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नंबर एकत्र करू नका. लिनक्सवर एररनो ५ म्हणजे इनपुट-आउटपुटची चूक. विंडोजवर गेटलास्टएरर (तिथला एररचा नंबर देणारं फंक्शन) ५ म्हणजे परवानगी नाही. तुमचा ऑपरेटर फोनवर "पाच आलाय" म्हणाला, तर केबल बघायची की अ‍ॅडमिन पासवर्ड?

काटा_बडोदा

दोघांचे मनापासून आभार. हा पाचचा घोळ आमच्याकडे खरोखर झाला होता, एका माणसाला उगाच केबल बदलायला पाठवलं होतं.

दोन दिवसांत बदल केले. आता लायब्ररी आधी आमचा स्वतःचा कोड देते, ऑपरेटिंग सिस्टिमचा नंबर आणि तो कुठल्या सिस्टिमचा हे वेगळ्या खान्यात. मजकूर मागणाऱ्याच्या बफरमध्ये. टेस्टमध्ये फक्त ९९९९ देणं थांबवलं, आता नसलेली फाइल आणि परवानगी नसलेलं पोर्ट असे खरे एरर घडवून बघतो. अल्पाइनच्या बॉक्सवर केबल हाताने उपटून बघितली, ओळ नीट आली.

एक अडचण मात्र उरली. ऑपरेटरसाठी आम्ही मेसेजच्या आधी गुजरातीत दोन शब्द लावतो. बफर भरला की शेवटचं अक्षर मधोमध कापलं जातं आणि चौकोन दिसतो. यूटीएफ-८ मध्ये गुजरातीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, "ક્ષિ"सारखं जोडाक्षर १२ बाइटचं, म्हणजे १२८ बाइटमध्ये ४२ चिन्हंही जेमतेम. बफर वाढवू का?

रावपुरा

वाढवा, २५६ तरी करा. पण कापणंही नीट करा, कारण कधीतरी तेही भरेल. जिथे कापायचं तिथला बाइट बघा. त्याचे वरचे दोन बिट १ आणि ० असतील, तर तो चिन्हाच्या मधला आहे. सुरुवातीचा बाइट सापडेपर्यंत एकेक मागे या आणि तिथे शून्य ठेवा. जोडाक्षर तरीही तुटू शकतं, पण चौकोन येणार नाही. आणि पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते ते परत करा, सीच्या एसएनप्रिंटएफ फंक्शनसारखं. मग ज्याला पूर्ण हवं तो मोठा बफर घेऊन पुन्हा मागेल.

काटा_बडोदा

केलं, चाललं. आता शेवटचं: जुनं पॉइंटरवालं फंक्शन काही गिऱ्हाइकांच्या जुन्या ईएक्सई अजून वापरतात. ते तसंच ठेवून आतून नवीन फंक्शनला जोडू?

सयाजीबाग

नका. त्या जुन्या ईएक्सई मिळालेल्या पॉइंटरवर फ्री मारतात, तुम्हीच वर लिहिलंय. कायम स्ट्रिंग दिली तर त्या पडतील, मॅलॉकची दिली तर रनटाइम वेगळा असला की पडतील. तुम्ही आत काहीही केलं, तरी पलीकडचं फ्री तुमच्या हातात नाही. ते नावच डीएलएलमधून काढा. जुनी ईएक्सई सुरूच होणार नाही आणि विंडोज कुठलं फंक्शन नाही ते नाव घेऊन सांगेल. ट्रक काट्यावर असताना अर्ध्या पावतीत पडण्यापेक्षा ते बरं. दोन्ही फाइली एकाच वेळी बदला, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला.

काटा_बडोदा

पटलं. आमच्या तीन गिऱ्हाइकांची सुट्टी गुरुवारी असते. येत्या गुरुवारी सकाळी पहिल्या काट्यावर जातोय, ईएक्सई आणि डीएलएल एकाच पेनड्राइव्हवर.