अनुभव धागा: रानात पहिल्यांदा दिसले तेव्हा

पुस्तकात शंभरदा पाहिलेला जीव रानात पहिल्यांदा समोर येतो तेव्हा नेमके काय होते, हे एकमेकांना सांगावे म्हणून हा धागा काढत आहे. वाघ-बिबट्यांचे किस्से पुष्कळ ऐकून झाले आहेत; पक्षी, बेडूक, फुलपाखरू, रानफूल, काहीही चालेल. घरट्याची नेमकी जागा मात्र कोणी लिहू नये.

सुरुवात मीच करतो. तिबोटी खंड्या दिसावा म्हणून मी कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी सलग तीन पावसाळे भिजलो. हा पक्षी पावसाबरोबर कोकणात येतो, मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतो आणि लांबीला जेमतेम १३ सेंटीमीटर भरतो, हे सगळे पाठ होते. तिसऱ्या वर्षी छत्री मिटत असताना एक बारीक, तीक्ष्ण शीळ कानाजवळून गेली आणि समोरच्या वाकलेल्या फांदीवर नारिंगी-जांभळा ठिपका थांबला. चोचीत सापसुरळीचे पिल्लू होते. त्याने ते फांदीवर दोनदा आपटले, चोचीत नीट फिरवून घेतले आणि तो निघून गेला. माझा कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या तीन थरांत, अगदी कोरडा होता.

अमरावती

माझा अनुभव मेळघाटातल्या रानपिंगळ्याचा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक नमुना कोणालाच मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला होता, पण तो संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी निघाला. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या गेल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी पुन्हा सापडला.

एवढे वाचून गेलेला मी, घुबड म्हटल्यावर सावलीतल्या ढोल्याच तपासत बसलो होतो. आमच्या कोरकू वाटाड्याने खांद्याला हात लावून एका निष्पर्ण सागाच्या शेंड्याकडे बोट दाखवले. सकाळी नऊच्या लख्ख उन्हात तो तिथे उघड्यावर बसला होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात; याचे डोके जवळजवळ कोरे, छाती गडद तपकिरी आणि पाय पांढऱ्या पिसांनी असे भरलेले, की चोळणा घातल्यासारखा वाटावा. शेपटी डावी-उजवीकडे झटकत त्याने आमच्याकडे एकदा पाहिले. शंभराहून अधिक वर्षे हा दिसला नाही तरी कसा, असे मी वाटाड्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आम्हाला कोणी विचारलं नाही."

न्यू जर्सी

इथे कार्डिनल म्हणजे कोणी मान वर करून पाहणार नाही इतका ओळखीचा पक्षी. पण माझा तो पहिलाच हिवाळा होता, बाहेर सगळे करडे-पांढरे झाले होते, आणि खिडकीसमोर एक लालभडक तुरेवाला नर येऊन बसला. कार्यालयाची बैठक फोनवर चालू होती. मी "आवाज तुटतोय" असे खोटेच सांगून फोन बंद केला.

कोल्हापूर

झाडाझुडपांनाही 'दिसणे' असते, हे कोणीतरी लिहायला हवे होते. पश्चिम घाटातली कंदीलपुष्पे गवतात उभी असली तरी डोळ्यांना सापडत नाहीत. मी श्रावणात एका उतारावर बुटाची नाडी बांधायला वाकले, तेव्हा नाकासमोर टोकाला पाकळ्या जुळलेला, हिरवट, जांभळे डाग असलेला इवलासा कंदील लोंबत होता. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे आत शिरलेली चिलटासारखी माशी अडकते आणि ते केस कोमेजले की परागांचे ओझे घेऊन सुटते. मी तिथेच पालथी पडून अर्धा तास त्या नळीत डोकावत राहिले. गुरे वळणारा मुलगा येऊन म्हणाला, "हमण आहे. कांदा गोड लागतो." मी त्याला तो उपटू नकोस म्हणून विनवले, त्याने आधी मला आणि मग फुलाला न्याहाळले, आणि शेळ्यांमागे गेला.

पुणे

माझे प्रथम दर्शन उलटे घडले. सासवडकडच्या माळावर चंडोलाचे छायाचित्र घेताना मागून एक मळकट कुत्रा चालत गेला. मी त्याला हाकललेही. घरी चित्र मोठे करून पाहिले, तर लांब काटक पाय, खाली सोडलेली शेपूट, पिवळसर डोळे: तो लांडगा होता. रात्री साडेअकराला मी एकटाच खुर्चीतून उठून उभा राहिलो. पाहिले दुपारी, दिसला रात्री. वहीत नोंद करताना वेळेच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना, म्हणून दोन्ही वेळा लिहिल्या आहेत.