एचआयव्ही प्रतिबंधाचं संशोधन: अमेरिकेने हात आखडला, आता आपण खिशात हात घालायचा की नाही?

भोसरीकर (धागाकर्ता)
औषध नियमित चालू असेल आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर जोडीदाराला लागण होत नाही. आज कुठलंही एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) हे छातीठोकपणे सांगतं. याचा मोठा पुरावा मिळाला तो ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांकडून. त्यातली काही पुण्याची होती, भोसरीच्या 'नारी' या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत येणारी. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा निकाल २०११ मध्ये मुदतीआधीच जाहीर करावा लागला, इतका तो स्पष्ट होता. जोडपी आपली, डॉक्टर आपले, पैसा मात्र अमेरिकी सरकारचा. बाधित आईच्या दुधातून लागण होऊ नये म्हणून ससूनमध्ये बाळांना सहा आठवडे नेविरॅपिन हे औषध देऊन पाहिलं, तेव्हाही पैसा तिकडचाच.

२०२५ मध्ये तो पैसा आटला. दक्षिण आफ्रिकेतली एक लसचाचणी तर सुरू व्हायच्या तोंडावर थांबली. आपल्याकडचा विषाणू बहुतांश 'सी' उपप्रकाराचा, अमेरिका-युरोपातला मुख्यतः 'बी'. आपल्या विषाणूची काळजी दुसऱ्याने किती दिवस करायची?

केंद्राच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा (२०२१-२६) सुमारे १५,४७२ कोटींचा. तो तपासणी, औषधं, जनजागृतीसाठी आहे, आणि तो तसाच राहू दे. प्रतिबंधाच्या संशोधनाला त्याबाहेर स्वतंत्र हेड (बजेटमधलं वेगळं खातं) द्या, एवढीच माझी मागणी.

हिशेबी माणूस
हेड वेगळं, तिजोरी एकच. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा झाला म्हणून रुग्ण दिल्लीत नॅकोच्या (केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या) दारात महिनाभर बसले होते, विसरलात? आधी गोळ्या वेळेवर द्या.

आणि लसीचं म्हणाल, तर २००५ मध्ये तुमच्या 'नारी'तच ३० जणांवर चाचणी झाली. पुढे काय? काही नाही. चाळीस वर्षं जगभर हेच चाललंय. थायलंडच्या चाचणीत २००९ मध्ये ३१ टक्के संरक्षण मिळालं, तोच आजवरचा उच्चांक. आपलं बलस्थान कारखाना आहे. २००१ मध्ये सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध देऊ केलं आणि जगाचा भाव पाडला. शोध त्यांनी लावावा, स्वस्तात आपण बनवावं. यात कमीपणा कसला?

भोसरीकर
कमीपणा नाही, पण बनवायला आधी कोणीतरी शोधावं लागतं ना! एझेडटी हे एचआयव्हीचं पहिलं औषध १९६४ मध्ये तयार झालं, कर्करोगासाठी, अमेरिकी सरकारी अनुदानावर. तेव्हा ते कुचकामी ठरून कपाटात गेलं. तुमच्या हिशेबात ते अनुदान बुडीत खात्यातच गेलं असतं.

रोखठोक
माफ करा, पण हा आजार बहुतेकांनी स्वतःच्या करणीने ओढवून घेतलेला असतो. कर्करोगाच्या पोरांना पैसे नाहीत आणि यांच्यासाठी प्रयोगशाळा? संयम फुकट मिळतो.

तासगावची ताई
रोखठोक दादा, मी अकरा वर्षं समुपदेशक आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांनी संयम पाळलेलाच असतो हो, नवऱ्याने पाळलेला नसतो. मंगळसूत्र घातलेली बाई रिपोर्ट हातात घेऊन विचारते, "मला कसा झाला?"

ही नुसती माझी भावना नाही. कोविडच्या काळात टीव्हीवर दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पुण्यातला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, वेश्याव्यवसायात कधीच नसलेल्या ५२५ बायका. त्यातल्या १३.६ टक्के बाधित. तोवर सगळे तुमच्यासारखंच बोलत होते. तो अभ्यास झाला म्हणून लोकांना दाखवायला हातात कागद तरी आला.

रोखठोक
अशा स्त्रियांबद्दल मी बोललो नव्हतो.

तासगावची ताई
मग कोणाबद्दल? विषाणू विचारून येत नाही.

जर्सीतला अवि
इकडची बातमी सांगतो. मे २०२५ मध्ये ड्यूक आणि स्क्रिप्स या दोन मोठ्या लससंशोधन गटांना अमेरिकी सरकारने कळवलं की पुढचं अनुदान नाही. अशा टोळ्या एकदा पांगल्या की पुन्हा जमत नाहीत.

हिशेबी राव, लसीचं रडगाणं मान्य. पण प्रतिबंध म्हणजे फक्त लस नव्हे. लेनाकापाविरचं नाव ऐकलं असेल, लागण होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा टोचायचं औषध. २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ स्त्रियांना ते दिलं, त्यांत एकीलाही लागण झाली नाही. औषध खासगी कंपनीचं, पण विषाणूच्या कवचाचा मूळ अभ्यास यूटा विद्यापीठात सरकारी पैशावर वर्षानुवर्षं चालला होता. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो २०२७ पासून ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत, १२० देशांसाठी.

हिशेबी माणूस
बघा! म्हणजे माझंच खरं ठरलं. शोध तिकडे, कारखाना हैदराबादला, भाव ४० डॉलर. आपल्या सरकारने नवं काय शोधायचं राहिलं?

तासगावची ताई
मी सांगते. ऊसतोड कामगारीण दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते, उन्हाळ्यात परतते. सहा महिन्यांचं इंजेक्शन तिला कुठे द्यायचं, फडावर की गावात? दुसरा डोस चुकला तर? ट्रक ड्रायव्हरच्या बायकोने सासूला काय सांगून दवाखान्यात यायचं? ही उत्तरं युगांडातून येणार नाहीत.

हिशेबी माणूस
ताई, हे पटलं. लसीला माझा विरोध कायम, पण असल्या अभ्यासाला पैसे द्यायला हरकत नाही. अट एकच, औषधांच्या हेडमधला एक रुपयाही हलता कामा नये.

भोसरीकर
वेगळं हेड, हेच तर पहिल्या पोस्टपासून म्हणतोय. लसीवर तुमच्याशी पुन्हा भांडेन, आज नाही.

तासगावची ताई
हेड ठरवताय तर एक विचारते. हा अभ्यास गावात जाऊन करणार आम्हीच, कंत्राटी माणसं. आमचा पगार कोणत्या हेडमध्ये धरलाय?