आमोस 3:2 मधील ‘पाकद’ : शिक्षा की समाचार?

प्रश्न : बायबलमधील आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो की, पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी मी फक्त तुम्हांलाच ओळखले, म्हणून तुमच्या सर्व अपराधांबद्दल तुम्हांला शिक्षा करीन. ज्यांना जवळ केले त्यांनाच शिक्षा, आणि तीही ‘म्हणून’? मूळ शब्दांचा अर्थ कळावा.

उत्तर : येथे ‘यादा’ आणि ‘पाकद’ ही दोन हिब्रू क्रियापदे आहेत. ‘यादा’ म्हणजे नुसते माहीत असणे नव्हे. उत्पत्ती 18:19 मध्ये अब्राहामाच्या निवडीसाठी हाच शब्द येतो, म्हणजे ही ओळख देव आणि त्याने निवडलेले लोक यांच्यातील कराराची आहे. ‘पाकद’चा विस्तार त्याहून मोठा आहे. देवाने सारेची आठवण ठेवून तिला पुत्र दिला तेथे (उत्पत्ती 21:1), आपल्या लोकांकडे लक्ष देऊन त्यांना अन्न दिले तेथे (रूथ 1:6), आणि गणना या पुस्तकात लोकांची मोजदाद झाली तेथेही हेच क्रियापद आहे. ज्याचा अधिकार आहे त्याने स्वतः येऊन आपल्या माणसांची विचारपूस करणे हा त्याचा गाभा. ‘अमक्यावर’ अशा अर्थाचे अव्यय जोडून अपराधांचा उल्लेख आला की त्या विचारपुशीचा जाब होतो.

‘म्हणून’चे उत्तर मागच्याच अध्यायांत आहे. आमोस हा यहूदा या दक्षिणेकडील राज्यातील तकोवा गावचा मेंढपाळ, आणि तो दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या काळात, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, इस्राएल या उत्तरेकडील राज्यात बोलत होता. शेजारच्या दिमिष्काला (दमास्कसला) तो गिलाद या इस्राएली प्रदेशावरील क्रौर्याबद्दल दोषी धरतो. इस्राएलाला मात्र गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकल्याबद्दल आणि गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ पसरल्याबद्दल. गहाण वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत करावे ही आज्ञा (निर्गम 22:26) त्यांना स्वतंत्रपणे मिळालेली होती. आज्ञा ज्यांच्या हाती दिली त्यांनाच तिच्याविषयी विचारले जाणार, आणि हे मला या भविष्यवाणीतील सर्वांत गंभीर वाक्य वाटते, कारण येथे निवड ही सूट ठरत नाही.

प्रश्न : मग मराठीत कोणता शब्द योग्य?

उत्तर : ‘शिक्षा’ चूक नाही, पण तिच्यात आधीची काळजी हरवते. ‘हजेरी घेणे’ यात मोजदाद आणि खरडपट्टी दोन्ही आहेत, तर ‘समाचार घेणे’ यात आस्थेची चौकशी आणि कानउघाडणी. ‘शासन करणे’ भारदस्त आहे, त्यात सत्ता आणि दंड येतात, जिव्हाळा येत नाही. याच अध्यायाच्या 14 व्या वचनात ‘पाकद’ बेथेल या उत्तर राज्यातील पूजास्थानाच्या वेद्यांबद्दलही येतो, जेथे वेदीची शिंगे (कोपऱ्यांवरील उंचवटे) छाटली जातील असे म्हटले आहे. वेदीची हजेरी घेतली असे मराठीत म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी एकच शब्द राखायचा असेल तर मी ‘समाचार घेणे’ हाच निवडेन, मात्र वाचताना त्यातील बोलीचा हलकेपणा बाजूला ठेवावा लागेल, कारण ज्या राज्याला हे सांगितले गेले त्याची राजधानी शोमरोन ख्रिस्तपूर्व 722 च्या सुमारास अश्शूरच्या (असिरियाच्या) हाती पडली.